मातीच्या बाहुल्यांपासून अजिंठ्याच्या ताटांपर्यंत : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबई, प्रतिनिधी

श्रावण सरत आला की गिरगावच्या गल्ल्यांतून ओल्या शाडूचा वास दरवळू लागतो. फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे ज्या बागांवरून पडली त्या बागा केव्हाच नाहीशा झाल्या. माणसे मात्र दाटीवाटीने राहिली आणि त्यांच्याबरोबर मातीही राहिली. फणसवाडीतल्या जुन्या बिऱ्हाडात ती दोन ठिकाणी हमखास भेटायची. एक म्हणजे देव्हाऱ्यापुढच्या चौरंगावर बसलेल्या दीड दिवसाच्या गणपतीत आणि दुसरे म्हणजे स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या पांढऱ्या-पिवळ्या चिनी मातीच्या बरण्यांत व पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्यांत. या मातीकडे कलावस्तू म्हणून कोणी पाहत नसे. गणपतीचे विसर्जन होई आणि कपबश्या फुटत.

या मातीला ज्या वास्तूत मानाने काचेच्या कपाटात ठेवले गेले, ती वास्तू फणसवाडीपासून फार दूर नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात सर ज. जी. कलाशाळेच्या भट्टीतून एकोणिसाव्या शतकात निघालेली भांडी जपून ठेवलेली आहेत. ही भांडी गडद निळ्या, फिरोजी आणि तपकिरी रंगांची व काचेसारखी झिलई चढवलेली आहेत. त्यांच्यावरचे नमुने अजिंठ्याच्या लेण्यांतून उचललेले आहेत. त्यांत वळसे घेत जाणाऱ्या कमळवेली आहेत, हंस आहेत, मान किंचित झुकवलेल्या स्त्रिया आहेत आणि मुकुटधारी पुरुष आहेत. जेवणाच्या ताटाचा आकार असूनही त्यात कोणी कधी जेवले नसावे. ते भिंतीवर टांगण्यासाठीच होते.

संग्रहालयाच्या दारावर ज्यांचे नाव आहे, त्या भाऊ दाजींचा या भांड्यांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. ती त्यांनी घडवली नाहीत आणि कलाशाळेची भट्टी पुरती पेटून स्थिरावली तेव्हा ते हयातही नव्हते. तरीही संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. भाऊ दाजी हे मातीच्या बाहुल्या विकणाऱ्या घरातले पुत्र होते. त्याच भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन करून त्या चित्रांमागचा काळ आणि राजवंश उजेडात आणण्याचा मोठा उद्योग केला.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. गोव्यातील मांद्रे येथे १८२२ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांना दाजी म्हणत आणि मुलाला घरात भाऊ. पुढे हीच दोन घरगुती नावे एकत्र येऊन मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले एक भारदस्त नाव झाले आणि लाड हे आडनाव कित्येकांना ठाऊकही राहिले नाही. घरची स्थिती बेताची होती. मातीच्या बाहुल्यांचा धंदा तो केवढा आणि त्यातून मिळकत ती किती! हे कुटुंब मुंबईत आले आणि बुद्धिबळाच्या पटाने या मुलाचे नशीब पालटले. त्याचा खेळ पाहून थक्क झालेल्या एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गाठले आणि मुलाला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह धरला. अशा रीतीने बाहुल्यांच्या घरातला मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. चरित्रकारांना अशा गोष्टी प्रिय असतात हे खरे. पण ही गोष्ट त्यांच्याबाबत सर्वत्र सांगितली जाते आणि भाऊंच्या पुढच्या आयुष्यातील चिकाटी व डावाची दूरदृष्टी पाहता ती पटण्यासारखी आहे.

शिक्षण संपल्यावर ते त्याच संस्थेत शिकवू लागले. काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येच्या प्रथेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला १८४७ मध्ये ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. यानंतर त्यांनी शिक्षकाची वाट सोडून वैद्यकाची धरली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्याच तुकडीत भाऊ दाजी होते. त्यांच्याबरोबर डॉ. आत्माराम पांडुरंगही होते, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये गिरगावात प्रार्थना समाज उभा राहिला. सरकारी चाकरीत भाऊ फार काळ रमले नाहीत. स्वतंत्र व्यवसायात त्यांचे नाव झाले, श्रीमंतांकडून पैसा आला आणि गोरगरिबांवर त्यांनी फुकट उपचार केले.

पुढच्या वीस वर्षांत त्यांनी किती संस्थांना हात लावला याची यादी करायची तर हे पान पुरणार नाही. बॉम्बे असोसिएशन, मुलींच्या शाळा, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा, फोटोग्राफीची मंडळी अशी कोणतीही चळवळ घ्या, तेथे भाऊ दाजी आहेत. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन १८५३ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांचे खेळ ग्रँट रोडच्या नाट्यगृहात लागावेत म्हणून खटपट करणाऱ्यांतही ते होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हा उल्लेख ओझरता येतो. पण मुंबईत तिकीट काढून मराठी माणसाने नाटक पाहण्याची सवय जिथे रुजली, तिथे या डॉक्टरांचा हात लागलेला होता.

एका प्रसंगाकडे मात्र घाईने पाठ फिरवता येत नाही. १८६२ चा तो महाराज बदनामी खटला. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या काही महाराजांच्या वर्तनावर करसनदास मुळजी यांनी आपल्या पत्रातून कोरडे ओढले होते आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजारांचा दावा गुदरला. वातावरण तापले होते. महाराजांचे भक्त धनाढ्य होते आणि त्यांच्या पेढ्या, त्यांचे वाडे व त्यांच्या हवेल्या फणसवाडीपासून हाकेच्या अंतरावरील भुलेश्वर-काळबादेवीच्या पट्ट्यातच होत्या. याच मंडळींत भाऊ दाजींचे रुग्ण होते. अशा वेळी गप्प राहणे सोयीचे होते. भाऊ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि डॉक्टर म्हणून आपल्याला महाराजांच्या दुखण्याविषयी जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायालयापुढे सांगितले. रुग्णाचे गुपित डॉक्टरने उघड करावे काय, हा वाद आजच्या वैद्यकीय परिषदेतही रंगेल. त्या काळी तो करसनदासांच्या बाजूने तराजू झुकवणारा पुरावा ठरला. एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला आणि करसनदास मुख्य आरोपातून सुटले. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर भाऊंनी त्या दिवशी गावातल्या सर्वांत श्रीमंत गल्ल्यांशी वैर पत्करले होते.

दिवसभर रुग्ण तपासणारा हा माणूस रात्री ताम्रपट आणि शिलालेखांच्या ठशांवर डोळे फोडत असे. १८६१च्या सुमारास त्यांनी जुनागढहून भगवानलाल इंद्रजी नावाच्या तरुण पंडिताला मुंबईत आणले, आपल्या पदरी ठेवले आणि हिंदुस्थानभर हिंडवले. त्या प्रवासांचा खर्च डॉक्टरांच्या फीमधून होत होता. गिरनारच्या खडकावरील रुद्रदामन व स्कंदगुप्ताचे लेख, कालिदासाचा काळ, आर्यभट व वराहमिहिर यांची ग्रंथसंपदा अशा विषयांवर त्यांनी एकामागून एक निबंध वाचले. यांतले सगळे निष्कर्ष टिकले असे नाही. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त एकच, हे त्यांचे मत विद्वानांनी मागे टाकले. पण ज्या काळात आपल्याकडील प्राचीन राजांची नावे पुराणांच्या धुक्यात हरवलेली होती, त्या काळात दगडावरील अक्षरांना पुराव्याचे स्थान देणारे जे मोजके हिंदी विद्वान होते, त्यांत भाऊ अग्रेसर होते.

अजिंठ्याचे लेख हे त्यांचे असेच एक काम. ही लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, तेव्हापासून युरोपियनांचे लक्ष चित्रांकडे होते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे तेथे मुक्काम ठोकून चित्रांच्या प्रती केल्या. भाऊ दाजींची नजर भिंतीवरच्या अक्षरांवर गेली. त्यांनी तेथील लेखांचे ठसे घेतले आणि १६, १७ व २६ क्रमांकांच्या लेण्यांतील मोठ्या लेखांचे वाचन १८६३ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सोळाव्या लेण्याबाहेरचा लेख वाऱ्यापावसाने झिजलेला होता. त्यात विंध्यशक्तीपासून सुरू होणारी वाकाटक राजांची वंशावळ होती आणि हे लेणे वाकाटक राजाच्या मंत्र्याने दान केल्याची नोंद होती. भाऊंच्या वाचनात चुका राहिल्या. नंतर ब्यूलर व भगवानलाल इंद्रजी यांनी ते सुधारले आणि विसाव्या शतकात वा. वि. मिराशी यांनी त्याला पक्के रूप दिले. हा मंत्री वराहदेव आणि त्याचा राजा हरिषेण. आज आपण अजिंठ्याची बरीचशी चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील म्हणतो, त्या विधानाचा पाया या लेखांत आहे.

हे सांगण्याचे कारण म्हणजे, चित्रे पाहणाऱ्यांना तो काळ नेमका ठाऊक नव्हता तेव्हा त्यांनी आपल्या मनाने इतिहास रचला. पहिल्या लेण्यात एका दरबाराचे भव्य दृश्य आहे. सिंहासनावर राजा आणि त्याच्यापुढे टोकदार टोप्या घातलेले परदेशी पाहुणे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९च्या सुमारास असे मांडले की हा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी असून तो इराणच्या खुस्रूचा वकील स्वीकारत आहे. ही कल्पना इतकी लोकप्रिय झाली की शाळेच्या पुस्तकांतही शिरली. वास्तविक पुलकेशीचा काळ सातव्या शतकाचा, आणि आताचे अभ्यासक या चित्राला राजदरबाराच्या वृत्तान्तापेक्षा बौद्ध कथेतील प्रसंग मानतात. ऐतिहासिक दृश्य म्हणून मिरवलेले चित्र धार्मिक कथा निघाले! दगडावरचा लेख नीट वाचायला किती उशीर झाला तर काय होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता भट्टीकडे वळू. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये दिले आणि त्यातून १८५७ मध्ये कलाशाळेचे वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरू लागले. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोघे शिक्षक इंग्लंडहून आले. ग्रिफिथ्स यांनी १८७२च्या सुमारास आपले विद्यार्थी अजिंठ्याला नेण्यास सुरुवात केली. मोसमामागून मोसम, १८८५ पर्यंत, पेस्तनजी बोमनजी आणि त्यांचे सहाध्यायी त्या अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून भिंतींच्या प्रती काढत होते. त्याच दशकात शाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी सिंधमधून कुंभार आणवले. हाला आणि ठठ्ठा येथील काशीकामाची कीर्ती मोठी होती. घट मातीचा असला तरी त्यावर पांढऱ्या मातीचा लेप चढवायचा, लेपावर रंगाने चित्र काढायचे, वरून काचेची झिलई द्यायची आणि मग भट्टीत भाजायचे. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा-फिरोजी आणि मँगनीजने जांभळट तपकिरी. कच्चा रंग फिका, ओळखूही न येणारा असतो. भट्टीतून बाहेर आल्यावरच काय झाले ते कळते. सिंधच्या कुंभाराचा हात, अजिंठ्याची रेषा आणि मुंबईच्या शाळेची भट्टी असा हा संगम होता.

हे नवे भांडे ज्या बाजारात उतरले, तो बाजार रिकामा नव्हता. स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांतून आलेल्या निळ्या-पांढऱ्या ताटांनी तो व्यापलेला होता. ताम्रपटावर कोरलेले चित्र पातळ कागदावर छापून तो कागद कच्च्या ताटावर दाबायचा, ही त्यांची पद्धत. त्यामुळे एकाच चित्राची हजारो ताटे निघत. त्यांतली काही चित्रे हिंदुस्थानचीच असत. स्पोड कंपनीच्या एका प्रसिद्ध मालिकेत वाघ-हत्तींच्या शिकारीचे प्रसंग आहेत, आणि ती इंग्रजांनी इंग्रजांसाठी रंगवलेली आपली भूमी होती. टेरी व ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी त्याऐवजी ताटावर अजिंठा आणला. तरी त्याचे मोठे गिऱ्हाईक युरोपियनच राहिले. गिरगावातल्या घरात काही ते ताट पोहोचले नाही. आपल्या पंगतीला केळीचे पान आणि पितळेचे ताट पुरेसे होते. चिनी मातीकडे सोवळ्यातल्या स्वयंपाकघराने बराच काळ संशयानेच पाहिले, हेही येथे विसरता येत नाही.

त्या चित्रांच्या मूळ प्रतींचे काय झाले? गिल यांच्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जे उरले ते ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ च्या दोन खंडांत छापले गेले. कॅनव्हास जळाला आणि जी ताटे आधीच आगीतून तावून निघाली होती, ती राहिली. त्यांतली काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि काही भायखळ्याला.

भायखळ्याच्या या वास्तूच्या उभारणीत भाऊ दाजींचा वाटा थेट होता. मुंबईत वस्तुसंग्रहालय काढण्याची खटपट १८५५ पासून चालू होती. कोटातील बराकीत ठेवलेला पहिला संग्रह १८५७च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी म्हणून घाईने हलवला गेला आणि त्यात त्याची दाणादाण उडाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी उरलेसुरले सावरले. पुढच्याच वर्षी बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट, डेव्हिड ससून आणि भाऊ दाजी अशी मंडळी नव्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करू लागली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली. इमारत पुरी व्हायला दहा वर्षे लागली. कारण मध्येच मुंबईवर शेअरचे वादळ येऊन गेले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, बॅकबे भरून काढण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सारा डोलारा कोसळला. शहाणीसुरती माणसे यात बुडाली. भाऊ दाजीही त्यांत होते. ज्या माणसाने हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नाणी पारखली, त्याला कागदी शेअरचा खोटेपणा कळू नये, हे वाचताना चुटपुट लागते. त्यांचे दानधर्म, पंडितांचे प्रवास आणि ग्रंथखरेदी यांवर त्याचा परिणाम झाला. तरी भगवानलाल यांचे दौरे त्यांनी बंद पाडले नाहीत. ओरिसा, बंगाल आणि नेपाळपर्यंतचा त्यांचा शेवटचा लांब दौरा भाऊंसाठीच होता आणि नेपाळचे जे शिलालेख पुढे भगवानलाल यांच्या नावावर गाजले, ते त्या दौऱ्यात गोळा झाले.

याच वर्षांत ते कुष्ठरोगावर औषध शोधत होते. कडू कवठीच्या तेलाचा उपयोग करून त्यांनी रुग्णांवर प्रयोग केले आणि त्यांना बरे गुण आल्याचे बोलले जाऊ लागले. देशोदेशीच्या डॉक्टरांना त्याची उत्सुकता होती. पण आपले काम पुरे झाल्याशिवाय औषधाची कृती उघड करायची नाही, असा भाऊंचा हट्ट होता. यावर टीकाही झाली, आणि ती पूर्णपणे अन्यायाची होती असे आज म्हणता येत नाही. महाराज खटल्यात दुसऱ्याचे गुपित उघड करण्याचे धैर्य दाखवणारा हा माणूस स्वतःच्या शोधाचे गुपित राखून बसला. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा वयाची पन्नाशी नुकती उलटली होती आणि औषधावरचा तो ग्रंथ लिहायचा राहून गेला होता. त्याच वनस्पतीच्या जातकुळीतील तेले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुष्ठरोगावर जगभर वापरली गेली.

त्यांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी, १८८८ मध्ये, विखुरलेले निबंध गोळा करून ग्रंथ निघाला, तोही मुंबईत न निघता कलकत्त्याहून निघाला. मराठी मंडळींनी त्यांची आठवण फारशी जागती ठेवली नाही, हे मान्य करावे लागते.

संग्रहालय मात्र २ मे १८७२ रोजी, त्यांच्या हयातीतच, लोकांसाठी खुले झाले होते. त्याला नाव दिले गेले राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांचे. अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आजही दालनाच्या मधोमध उभा आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मातीच्या लहान प्रतिमा आणि देखावे मांडण्यात आले. मुंबईतल्या जातीजमाती, व्यवसाय, पोशाख आणि गावगाड्यातील कामे असे सारे मातीत घडवून, रंगवून काचेमागे ठेवलेले. त्यांत कुंभारही आहे. मातीच्या बाहुल्या विकून पोट भरणाऱ्या घरातल्या मुलाने वर्गणी मागून उभी केलेली वास्तू अशी मातीच्या बाहुल्यांनी भरली. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांची नावे उतरवून तेथे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव लागले ते १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूला १०१ वर्षे झाल्यानंतर.